बोट, बाण आणि वाकडे अंगण



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आपण राज्यांचे उदयास्त ऐकतो, संतांची चरित्रे ऐकतो. तेथे लॅपटॉपच्या टचपॅडचा इतिहास सांगण्यास मी उभा राहिलो, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु या विषयाकडे मला एका घरगुती प्रसंगाने नेले, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

माझे एक थोरले स्नेही, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, चाळीस वर्षे शिक्षक होते. फळ्यावर त्यांनी काढलेले वर्तुळ कंपासाने काढल्यासारखे दिसे. निवृत्तीनंतर गावच्या देवस्थानाचा इतिहास लिहावयाचा म्हणून मुलाने त्यांना लॅपटॉप आणून दिला. महिन्याभरात त्यांनी तो मिटून ठेवला. पडद्यावरचा बाण कधी जागचा हलत नसे, तर कधी एकदम कोपऱ्यात जाऊन बसे; पान वर न्यावे तर खाली जाई. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हांला सवय नाही." दुकानदार म्हणाला, पॅडच बदलावे लागेल. आणि अण्णा मला म्हणाले, "अरे, नाचता येईना अंगण वाकडे! माझा हातच आता कामातून गेला, यंत्राला नावे कशाला ठेवू?"

हे शेवटचे वाक्य माझ्या मनाला लागले. जो हात चाळीस वर्षे चुकला नाही, त्याच्यावर त्याच्या धन्याचाच अविश्वास बसावा, ही काही लहान गोष्ट नव्हे. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, या एका बाबतीत ती जुनी म्हण उलटी लागू पडते. येथे अंगण खरोखरच वाकडे असू शकते. ते सरळ करण्याचे खिळे ज्यांनी अंगण बांधले त्यांनीच ठेवलेले आहेत. आणि ते कोठे आहेत हे इतिहास पाहिल्यावाचून नीट कळत नाही.

प्रथम हाताचा विचार करू, कारण यंत्र मागाहून आले. सुईत दोरा ओवणारी गृहिणी पाहा. तिचा हात सुईजवळ झटकन येतो, आणि शेवटचे अर्धे बोट अंतर मात्र अगदी सावकाश, डोळ्यांच्या देखरेखीखाली जातो. १८९९ साली अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने याच गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. हाताच्या प्रत्येक नेमक्या हालचालीचे दोन भाग असतात: आरंभीची झेप आणि अखेरची दुरुस्ती. हे त्याने प्रयोगाने दाखविले.

पुढे १९५४ साली पॉल फिट्स याने या विचाराला गणिताचे रूप दिले. त्याचा प्रयोग साधा होता. समोर दोन धातूच्या पट्ट्या. हातातल्या लेखणीने आळीपाळीने त्यांवर टोले द्यावयाचे. पट्ट्यांमधील अंतर वाढविले की वेळ वाढे, पट्ट्यांची रुंदी वाढविली की वेळ कमी होई. पण अंतर दुप्पट करून रुंदीही दुप्पट केली, तर वेळ जवळजवळ तोच राही. म्हणजे केवळ दूर जाणे कठीण नाही, केवळ लहान जागी थांबणे कठीण नाही. त्या दोहोंचे परस्परप्रमाण कठीण. हा फिट्सचा नियम. पडद्यावरच्या बाणाचा सारा पुढील इतिहास याच नियमाच्या छायेत घडला, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

आता यंत्राकडे वळू. पडद्यावरील ठिपका हाताने हलविण्याची गरज प्रथम युद्धनौकांना पडली. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास एक यंत्रणा तयार होत होती, तिच्यात रडारच्या पडद्यावरील चिन्ह हलविण्याकरिता एक फिरता गोळा बसविला होता. आणि हा गोळा म्हणजे तिकडच्या एका खेळातला साधा चेंडू होता! गोळा तळहाताने फिरवावयाचा, चिन्ह त्याप्रमाणे सरकावयाचे.

याच्या पुढचे पाऊल कॅलिफोर्नियात पडले. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील डग्लस एंगलबर्ट याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या अभियंत्याने १९६४ साली एक लाकडी ठोकळा बनविला. त्याच्या पोटाशी एकमेकींस काटकोनात बसविलेली दोन चाके, पाठीवर एक बटण. एक चाक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. मागे शेपटीसारखी तार; म्हणून त्याला 'माऊस', म्हणजे उंदीर, हे नाव पडले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत एंगलबर्टने ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक केले, आणि पडद्यावरचा मजकूर हाताने निवडता, हलविता येतो हे जगाला प्रथमच एवढ्या उघडपणे दिसले.

परंतु त्याआधीच त्यांनी एक परीक्षा घेतली होती, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. प्रकाशलेखणी, दांडा, माऊस, एवढेच काय, टेबलाखालून गुडघ्याने हलविण्याचे साधन, अशी निरनिराळी साधने माणसांना देऊन त्यांनी वेळ आणि चुका मोजल्या. १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सराव झालेल्या माणसांत माऊस सरस ठरला. नवख्या माणसांत मात्र प्रकाशलेखणी आणि ते गुडघ्याचे साधन माऊसला मागे टाकत होते. म्हणजे पहिल्याच दिवशी हा प्रश्न उभा राहिला होता: साधन सरावलेल्यासाठी असावे, की नवशिक्यासाठी?

एंगलबर्टचे उत्तर स्पष्ट होते. तो म्हणे, तीनचाकी सायकल शिकावी लागत नाही हे खरे. पण म्हणून कोणी जन्मभर तीनचाकीवर बसत नाही. दुचाकी शिकण्याचे कष्ट घ्यावेत, माणसाची शक्ती वाढते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील मंडळींनी प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. स्टुअर्ट कार्ड आणि त्याचे सहकारी यांनी (त्यांत बिल इंग्लिश होताच) १९७८ साली फिट्सचा नियम लावून माऊस, दांडा आणि बाणांच्या कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की माऊसने लक्ष्य गाठण्याचा वेग हा नुसत्या हाताने लक्ष्य गाठण्याच्या वेगाच्या अगदी जवळ येतो. अर्थात चांगल्या साधनात अडसर साधनाचा उरत नाही. उरतो तो डोळा आणि हात यांच्या स्वाभाविक मर्यादेचाच. याचा व्यत्यास आपल्या कामाचा आहे: साधन हातापेक्षा फारच मंद किंवा फारच बेभरवशाचे वाटू लागले, तर प्रथम संशय साधनावर घ्यावा, हातावर नव्हे.

माऊसला एक गोष्ट लागते, ती म्हणजे टेबल. लॅपटॉप तर मांडीवर घ्यावयाचा! म्हणून निर्मात्यांपुढे नवा पेच पडला. १९८३ च्या गॅव्हिलान या लहान संगणकावर कळफलकाच्या वरच्या बाजूस स्पर्शाची एक पट्टी होती. परंतु ती कंपनी टिकली नाही. १९९१ साली ॲपलच्या पॉवरबुकने कळफलक मागे, पडद्याकडे सरकविला, पुढे मनगट टेकण्यास जागा केली आणि तिच्या मधोमध फिरता गोळा बसविला. १९९२ साली आय.बी.एम.च्या थिंकपॅडवर कळांच्या मध्येच एक तांबडी घुंडी आली. टेड सेल्कर याचा विचार असा होता की, कळांवरून माऊसकडे हात नेण्यातच सुमारे पाऊण सेकंद जातो, तो वाचवावा. आणि १९९४ साली पॉवरबुकच्या नव्या मालिकेत गोळ्याच्या जागी एक सपाट चौकोन आला. त्यामागची विद्या जॉर्ज गर्फाइड या संशोधकाने अमेरिकेतील युटा राज्यात विकसित केली होती. त्याच सुमारास सिनॅप्टिक्स ही कंपनी या धंद्यात उतरली. तिच्या संस्थापकांपैकी एक फेदेरिको फाजीन, म्हणजे १९७१ च्या पहिल्या व्यापारी मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांतील प्रमुख. असा हा टचपॅडचा वंशवृक्ष.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. गोळा फिरविल्याशिवाय फिरत नसे. टचपॅड मात्र त्याच जागी, अंगठ्याच्या टप्प्यात आला, आणि त्याला नुसता स्पर्श पुरतो. टंकलेखन करताना बाण एकाएकी भलत्याच ओळीत उडी मारतो, ती बहुधा अंगठ्याच्या किंवा तळहाताच्या टेकण्याची करामत असते. पुढे निर्मात्यांनी तळहात ओळखून त्याकडे दुर्लक्ष करण्याची युक्ती काढली, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये 'टचपॅड सेन्सिटिव्हिटी' अशा नावाने तिची मात्रा ठरविण्याची सोय आहे. बाण असा उडत असेल तर ती एक पायरी कमी करून पाहावी.

या चौकोनाला बोट कळते तरी कसे? पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या विद्युद्वाहक रेषांची जाळी असते. दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे थोडा विद्युद्भार साठतो. आपले शरीर विजेचे वाहक. बोट जवळ आले की त्या जागेचा साठा किंचित बदलतो. यंत्र हे बदल सेकंदातून अनेक वेळा मोजते आणि त्यांचा मध्यबिंदू काढून बोट येथे आहे असे ठरविते. दाब मोजला जात नाही, ऊब मोजली जात नाही. मोजला जातो तो विजेतला सूक्ष्म फरक.

एवढे कळले की काही खोड्या आपोआप उलगडतात. पावसाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या घामात बोट ओले असेल, तर पाणीही वाहकच असल्यामुळे यंत्राची फसगत होते. बोट आणि पॅड दोन्ही कोरडे करावे. दुसरे, लॅपटॉप चार्जरवर असतानाच बाण थरथरत असेल, तर चार्जर काढून पाहावा. थरथर थांबली तर दोष चार्जरचा किंवा घरातील अर्थिंगचा समजावा. आपल्याकडील कित्येक जुन्या घरांत भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोके असतात, पण तिसऱ्याला तार जोडलेलीच नसते! तिसरे, पॅड मधोमध उचलल्यासारखे दिसू लागले किंवा त्याची कळ दबेनाशी झाली, तर खाली बॅटरी फुगल्याचा संशय घ्यावा. येथे मात्र सेटिंगच्या नादी न लागता यंत्र बंद करून, चार्जिंग थांबवून, जाणत्या कारागिराकडे न्यावे. फुगलेली बॅटरी धोक्याची असते.

आता वेगाचा प्रश्न. समजा पॅड १० सेंटिमीटर रुंद आहे आणि पडदा ३० सेंटिमीटर. बोट जेवढे चालेल तेवढाच बाण चालवावा, तर पडदा ओलांडण्यास बोट पॅडवरून तीनदा फिरवावे लागेल. बाण तिप्पट चालवावा, तर ३ मिलिमीटरच्या खुणेवर थांबण्यासाठी बोटाला १ मिलिमीटरच्या आत थांबावे लागेल. म्हणजे एकच प्रमाण ठेवले की झेप साधते तेथे नेम जातो, आणि नेम साधतो तेथे झेप जाते.

यावर तोड निघाली ती वुडवर्थच्या त्या दोन भागांना अनुसरूनच. बोट सावकाश चालले की बाणाचे प्रमाण लहान ठेवावयाचे, बोट झपाट्याने चालले की प्रमाण वाढवावयाचे. याला गतिवर्धन म्हणू. मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी.मध्ये १९८४ साली सुरू झालेल्या 'एक्स' या खिडक्यांच्या पद्धतीत यासाठी दोन आकडे असत: एक उंबरठा आणि एक गुणक. उंबरठ्याच्या आत बाण साध्या चालीने जाई, उंबरठा ओलांडला की एकदम गुणला जाई. ही पायरी हाताला ठेचाळल्यासारखी जाणवे. पुढे पायरीच्या जागी उतार आला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये 'पॉइंटरची अचूकता वाढवा' अशा अर्थाच्या नावाखाली असाच चढउतार देण्यात आला. नावात अचूकता असली तरी त्या खुणेने प्रत्यक्षात बदलते ती वेगाप्रमाणे वाढणारी मात्रा.

बाण कधी हलत नाही आणि कधी धावत सुटतो, या अण्णांच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. ज्याचा हात संथ आहे, तो बोट हलक्याने फिरवितो. यंत्र समजते की याला बारीक काम करावयाचे आहे, म्हणून बाण जेमतेम सरकवते. माणूस कंटाळून जोराने बोट ओढतो. यंत्र समजते की याला दूर जावयाचे आहे, आणि बाण कोपऱ्यात फेकते. दोघेही आपापल्या परीने बरोबर! चूक आहे ती ज्या सरासरी हातासाठी मात्रा ठरविली त्या हाताची, आणि तो हात अण्णांचा नव्हे. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये टचपॅडच्या पानावर 'कर्सर स्पीड', ॲपलच्या यंत्रात ट्रॅकपॅडच्या पानावर 'ट्रॅकिंग स्पीड' अशी सरकपट्टी असते. संथ हाताने ती थोडी वाढवावी, म्हणजे जोराने ओढण्याची पाळीच येत नाही. एका वेळी एकच टप्पा बदलावा, आणि निदान एक दिवस त्या मात्रेवर काम करून मग पुढचा निर्णय घ्यावा, औषधाप्रमाणेच.

शिवाय फिट्सला विसरू नका. लक्ष्य मोठे केले की तेच अंतर सोपे होते. पडद्यावरील अक्षरे आणि चिन्हे मोठी करण्याची सोय प्रत्येक यंत्रात आहे. नजरेसाठी केलेला तो बदल हातालाही तेवढाच उपकारक ठरतो.

राहिला प्रश्न पान सरकविण्याचा, ज्याला स्क्रोल म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थच गुंडाळी. आपल्याकडे जुन्या जन्मपत्रिका लांबच लांब कागदावर लिहून गुंडाळून ठेवीत. ती वाचताना खालचा मजकूर हवा असेल तर आपण कागद वर ओढतो. पण आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या माणसाचा अनुभव निराळा: खिडकी पुढे जाते आणि झाडे मागे पळतात. संगणकाने आरंभी आगगाडीची रीत स्वीकारली. पडद्याच्या कडेला उभी पट्टी. तिच्यावरची खूण खाली ओढली की खिडकी मजकुरावरून खाली जाते आणि मजकूर वर सरकतो. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या माऊसमुळे सर्वत्र पसरलेल्या चाकानेही हीच रीत पाळली. जुन्या टचपॅडवर उजव्या कडेवरून बोट फिरविले की पान सरके. ती कड म्हणजे पडद्याच्या पट्टीचीच नक्कल होती.

मग दोन बोटे आली. डेलावेअर विद्यापीठातील वेन वेस्टरमन याला टंकलेखनाने हाताचे दुखणे जडले होते. त्यातून जॉन इलियस याच्यासह त्याने अनेक बोटे एकदम ओळखणाऱ्या पृष्ठभागावर काम केले आणि १९९८ साली फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. ती २००५ साली ॲपलने घेतली. त्याच वर्षी पॉवरबुकच्या टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकविण्याची सोय आली. दुखऱ्या हाताने यंत्राकडून आपल्या सोयीची मागणी केली, आणि ती साऱ्या जगाच्या उपयोगी पडली, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

२००७ च्या आयफोनमध्ये बोट प्रत्यक्ष मजकुरावरच पडू लागले. तेथे आगगाडीची रीत चालणे शक्य नव्हते. कागद जिकडे ओढावा तिकडेच गेला पाहिजे. फोनची सवय पसरल्यावर जुलै २०११ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांतही तीच दिशा रूढ केली आणि तिला 'नॅचरल', म्हणजे स्वाभाविक, असे नाव दिले. एका दिवसात असंख्य लोकांना पाने उलटी पळताना दिसली! खरे पाहता कोणतीच दिशा उलटी नाही. एक जन्मपत्रिकेची, दुसरी आगगाडीची. ॲपलच्या यंत्रात 'नॅचरल स्क्रोलिंग' ही खूण काढावी किंवा ठेवावी. विंडोज ११ मध्ये 'स्क्रोलिंग डायरेक्शन' बदलावी. आपल्याला मानवेल ती दिशा आपली.

परंतु कधीकधी पान सरकतच नाही. बाण मात्र ठीक चालतो. हे कोडे इतिहासानेच सुटते. टचपॅड बाजारात आले तेव्हा सर्व संगणकांना माऊसचीच भाषा येत होती. १९८७ साली आय.बी.एम.ने रूढ केलेल्या पद्धतीत माऊस तीन बाइटांचा निरोप पाठवी: इतका आडवा, इतका उभा, आणि कोणते बटण दाबले. म्हणून टचपॅडनेही माऊसचे सोंग घेतले. हे सोंग उतरवून दोन बोटांची खरी हकीगत ऐकणारा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, संगणकात नसेल, तर पॅड आपली माऊसची भूमिकाच वठवीत राहते; आणि त्या माऊसला चाक नव्हते. लॅपटॉपमध्ये नव्याने विंडोज भरल्यावर ही तक्रार उद्भवली, तर पॅड बदलण्यापूर्वी लॅपटॉपच्या निर्मात्याकडील योग्य ड्रायव्हर घालून पाहावा. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून 'प्रिसिजन टचपॅड' ही रीत आली. तीत पॅड फक्त बोटांच्या जागा कळवते आणि त्यांचा अर्थ विंडोज लावते, त्यामुळे हा दुभाष्याचा घोळ पुष्कळ कमी झाला.

अण्णांच्या लॅपटॉपचे काय झाले, हे आपण विचाराल. पॅड बदलावे लागले नाही. वेग दोन टप्पे वाढविला, अक्षरे मोठी केली आणि पानाची दिशा फिरविली. पहिल्या दिवशी ते कुरकुरले. सराव लागतो हे एंगलबर्टचे म्हणणे काही खोटे नव्हते. पण सराव कशाचा करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार आता त्यांच्याकडे होता. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा देवस्थानाच्या जुन्या सनदेपर्यंत लिखाण आले होते, आणि नातवाच्या हाती लॅपटॉप गेला की ते त्याला बजावीत होते, "माझा बाण हलवू नकोस!"

लाकडी ठोकळ्यापासून काचेच्या चौकोनापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी माणसाचा हात मोजला आणि मग यंत्र घडविले. त्या हातांत आपला हात नव्हता, म्हणून शेवटचे मोजमाप आपणच करावयाचे राहिले आहे. ते करण्यापूर्वी आपल्या हाताला दोष देऊ नका, आणि घरातील वडीलमाणसांच्या हातालाही देऊ नका. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.